कच्च्या आतड्याचे काका

लग्नाच्या पंगतीत सगळ्यांच्या पानावर पुऱ्या पडायला लागल्या की आमचे काका पिशवीतून स्वतःचा डबा काढायचे. डब्यात मऊ भात, आणि झाकणाच्या वाटीत मुगाचं पाणी. नवरीचा बाप घाबराघुबरा होऊन धावत यायचा. काका त्याला हाताने थांबवायचे आणि चार पंगतींना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "तुमचं काई चुकलं नाई बाप्पा. माह्यी आतडी कच्ची हायेत."

एवढ्यावर कोणी गप्प बसलं तर ठीक. पण कोणी चुकून "म्हणजे?" असं विचारलं की संपूर्ण हकीकत ऐकावी लागायची. काका चार महिन्यांचे असताना त्यांची आई गेली. आत्याने बकरीच्या दुधावर आणि भाताच्या पेजेवर वाढवलं. आईच्या दुधाशिवाय आतडं पिकत नाही, त्यामुळे त्यांचं अर्धं कच्चं राहिलं, आणि तिखट, तळलेलं, वांगं, हरभरा या गोष्टी या जन्मात त्यांच्यासाठी नाहीत. हे सगळं ते रडगाणं गायल्यासारखं सांगत नसत. यंत्राचा एखादा भाग कारखान्यातूनच तसा आला आहे, एवढ्याच सुरात सांगायचे. शेजारी बसलेल्या काकू मान खाली घालून जेवत राहायच्या.

काका माझे नात्यातले कोणी नव्हते. माझं घर गोंदियाचं, वडील रेल्वेत. दुर्गजवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात मला एम.व्ही.एस्सी.ला प्रवेश मिळाला आणि हॉस्टेलला जागा नव्हती, म्हणून ओळखीतून भिलाईच्या सेक्टर सहामधलं हे घर कळलं. काका स्टील प्लांटमधून रिटायर झाले होते, राहतं क्वार्टर त्यांनी लीजवर घेतलं होतं, आणि मुलगा दूर नोकरीला असल्यामुळे मागची खोली रिकामी होती.

खोली बघायला गेले तेव्हा काकूंनी चहा दिला आणि काकांनी विचारलं, "काय शिकून राहिली?"

मी जरा चाचरत सांगितलं. डुकराची पिलं आईपासून लवकर तोडली तर त्यांच्या आतड्याचं काय होतं, असा माझा विषय होता. डुक्कर म्हटल्याबरोबर काकूंचा चेहरा पडला. खोली गेली असं मी धरून चालले. पण काका कपबशी खाली ठेवून माझ्याकडे टक लावून पाहत होते.

"लवकर म्हंजे कवा?"

"तिसऱ्या आठवड्यात. एरवी आठ आठवडे ठेवतात आईपाशी."

"अन् आतडं पाहते कसं?"

"कापून. मायक्रोस्कोपखाली."

काका काकूंकडे वळले. "पाह्य वं. हे पोरगी माह्यावरच अभ्यास करून राहिली." आणि मला म्हणाले, "सामान कवा आणतेस?"

मायक्रोस्कोप हा शब्द काकांच्या घरात देवघरातल्या शब्दासारखा होता. प्लांटच्या लॅबमध्ये पस्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. रुळांच्या पोलादाचा सुपारीएवढा तुकडा कापायचा, खरखरीत कागदापासून मऊ कापडापर्यंत घासत घासत आरशासारखा करायचा, त्यावर आम्लाचा हात फिरवायचा, आणि मायक्रोस्कोपखाली धरून आतले कण कसे बसलेत ते बघायचं. रिटायर झाल्यावर बघायला पोलाद उरलं नाही, पण सवय राहिली. घरातली दाराची कडी, स्कूटरचा आरसा, काकूंचा तवा, सगळं ते घासत असत. तव्यावरून भांडण व्हायचं, कारण इतक्या गुळगुळीत तव्यावर भाकरी सरकते असं काकूंचं म्हणणं होतं. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी भिंग असायचं. पेरू कापला की आधी भिंगाखाली, मग तोंडात.

आणि कोणी काहीही ठाम बोललं की त्यांचा लॅबमधलाच एक प्रश्न यायचा. "तीन जागी पाह्यलं का?" दूधवाला पाणी घालतो असं काकू म्हणाल्या, तीन जागी पाह्यलं का? अमक्याची सून भांडखोर आहे, तीन जागी पाह्यलं का? सुरुवातीला मला हसू यायचं. मग मीच कधीतरी मैत्रिणीला तसं विचारायला लागले.

कॉलेजच्या वराहपालन केंद्रात माझा प्रयोग सुरू झाला. अर्धी पिलं मादीपाशी ठेवली, अर्धी तिसऱ्या आठवड्यात वेगळ्या खोलीत नेली. मादी दोन दिवस जाळीपाशी उभी राहून ओरडत होती. रोज संध्याकाळी मी घरी आले की काका अंगणात नळी धरून झाडांना पाणी घालत असत आणि मान न वळवता विचारत, "आज पिलं काय करून राहिली?"

एक दिवस मी सांगितलं की वेगळी केलेली पिलं एकमेकांच्या पोटाखाली नाकं खुपसतात. तिथे काही नाही हे त्यांना कळत नाही, ती आचळ शोधत राहतात. काकांनी पाण्याची नळी तशीच जमिनीवर ठेवली आणि आत निघून गेले. पाणी वाहत फाटकापर्यंत गेलं. शेवटी मीच नळ बंद केला.

वेगळं केल्यावर पाचव्या दिवशी काही पिलं, आणि दोन आठवड्यांनी उरलेली, त्यांची आतडी मी तपासायला घेतली. ती कशी घेतात हे काकांनी कधी विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. त्या दिवसांत रात्रीचं जेवण मला जात नसे, आणि काकू मलाही काकांचाच मऊ भात वाढत.

आता थोडं कामाचं सांगायला हवं. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात. पुस्तकात त्यांना रसांकुर म्हणतात, काका बोटंच म्हणायचे. अन्न शोषून घेतात ती हीच बोटं. ती उंच असली तर आतडं धडधाकट, आखूड झाली तर पिलू खाऊनही वाळतं. ती मोजायची तर आतड्याचा तुकडा मेणात बसवायचा, मेणाची वडी गार करून केसाहून पातळ काप काढायचे, काचेवर घेऊन रंगवायचे आणि मायक्रोस्कोपखाली बोटांची उंची मोजायची. मी महिनाभर तेच केलं.

निकाल असा आला की मीच उडी मारली. आईपाशी राहिलेल्या पिलांची बोटं उंच, सरळ, शेतातल्या पिकासारखी. लवकर तोडलेल्यांची अर्ध्याहून आखूड. आणि दोन आठवड्यांनीही तशीच, काही भरून आलेलं नाही. माझे मार्गदर्शक सर खूश झाले. म्हणाले, "इतना साफ रिज़ल्ट मैंने आज तक नहीं देखा."

माझ्यापेक्षा काका जास्त खूश झाले. दोन्ही आतड्यांच्या फोटोंचे मोठे प्रिंट त्यांनी माझ्याकडून मागून घेतले आणि बैठकीतल्या टेबलाच्या काचेखाली शेजारी शेजारी ठेवले. घरात येईल त्याला ते दाखवायचे. दूधवाल्याला दाखवले. गॅस सिलिंडर घेऊन आलेल्याला दाखवले. "हे आईपाशी राह्यलेलं. अन् हे मी." सत्तर वर्षं लोकांनी ज्याला काकांचं खूळ म्हटलं त्याला आता रंगीत पुरावा मिळाला होता. काकूंना ते म्हणाले, "आता तरी पटलं ना वं तुले?" काकू म्हणाल्या, "मले काय पटायचं हाय. करून तर मीच राहिली ना दोन सैपाक."

चार दिवस हा उत्सव चालला. पाचव्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघत होते, तर काका टेबलावर वाकून बसले होते. डोळ्याला भिंग. चहा शेजारी गार झालेला.

"पोरी, जरा ये इकडे. हे गोल कावून हायेत?"

बोटांच्या बुडाशी आतड्याच्या भिंतीत उतरणाऱ्या बारीक नळ्या असतात. काका त्यांच्याबद्दल विचारत होते. आईपाशी राहिलेल्या पिलाच्या फोटोत त्या नळ्या लांब दिसत होत्या, वरपासून खालपर्यंत. लवकर तोडलेल्याच्या फोटोत नुसत्या बांगड्या. गोल गोल.

"असतील तशा," मी म्हटलं. "उशीर होते मले."

"थांब." काका उठून स्वयंपाकघरात गेले आणि काकूंच्या पुढ्यातल्या भेंड्या आणि विळी उचलून घेऊन आले. एक भेंडी उभी चिरली. बियांची लांब रांग. दुसरी आडवी चिरली. पाच पाकळ्यांचं चाक. तिसरी तिरपी चिरली, तर धड चाक नाही, धड रांग नाही. "भेंडी तेच हाय ना? आमच्या लोखंडातला कचरा असाच. असा कापला तर टिंब दिसते, तसा कापला तर रेघ. नव्या पोराले आमी पयले हेच शिकवो. कसं कापलं ते सांग, मंग काय दिसलं ते सांग." त्यांनी दुसऱ्या फोटोवर बोट ठेवलं. "हे आतडं तिरपं कापलेलं हाय. तिरपं कापलं तर बोट मधातूनच तुटन. आखूडच दिसन."

मला राग आला. इतका राग की मी पिशवी खांद्यावरून खाली टाकली. "काका, तुमाले लोखंड समजते. हे जिवंत हाय."

"हाव," काका म्हणाले. "पण कापलं तर तूच ना."

मी दार आपटून निघाले. स्कूटीवरून जाताना सगळा रस्ता मी मनात त्यांच्याशी भांडत होते. लॅबमध्ये जाऊन पहिली काच लावली, दुसरी लावली, दहावी लावली. काका बरोबर होते. लवकर तोडलेल्या पिलांची आतडी पातळ आणि लिबलिबीत होती. मेणात बसवताना ती उभी राहिलीच नव्हती, एका कुशीवर कलंडली होती, आणि मी ती तशीच कापत गेले होते. फरक लवकर तोडल्याचा किती आणि माझ्या हाताचा किती, हे आता सांगता येत नव्हतं.

सरांना सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. वाईट माणूस नव्हते ते, त्यांच्याकडे आणखी पाच विद्यार्थी होते आणि प्रबंध द्यायला वीस दिवस उरले होते. शेवटी म्हणाले, "रहने दो. दिशा तो सही है ना? कौन देखेगा?"

दोन दिवस मी काही ठरवलं नाही. काका अंगणात असले की मी मागच्या दाराने आत जायचे. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही, भेंडीचं नाव काढलं नाही. तिसऱ्या दिवशी मी पाणी प्यायला बैठकीत आले तर टेबलाच्या काचेखाली काही नव्हतं. दोन्ही फोटो त्यांनी काढून टाकले होते. सत्तर वर्षांनी मिळालेला पुरावा, आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने काढला होता. मी तशीच अंगणात गेले.

"काका, सगळं पुन्हा करायचं म्हणते."

"पिलं पुन्हा मारा लागन?" त्यांचा पहिला प्रश्न हा होता.

"नाही. मेण वितळवून तेच तुकडे पुन्हा उभे बसवता येतात."

"अन् पुन्हा कलंडले तं?"

काकांनी भिंग खिशात टाकलं आणि मागच्या पडवीत गेले. दुपारभर कानशीचा आवाज येत होता. संध्याकाळी त्यांनी माझ्या हातात पितळेची दोन इवलीशी पात्यांसारखी टेकणं ठेवली, करंगळीच्या नखाएवढी, आरशासारखी घासलेली. मेण आळेपर्यंत आतड्याचा तुकडा त्या दोन पात्यांच्या मधे उभा राहायचा आणि मग पाती अलगद बाहेर निघायची. मेण त्यांना चिकटत नव्हतं. पाती इतकी गुळगुळीत होती की चिकटायला जागाच नव्हती.

मे महिना होता. छत्तीसगडच्या मे महिन्यात मेणाची वडी हातात मऊ पडते आणि काप चुरगळतो. लॅबचा फ्रिज बिघडलेला. काका म्हणाले, "बर्फ म्या आणतो." दुसऱ्या दिवसापासून ते स्कूटरच्या पायदानावर थर्मासचा डबा ठेवून भिलाईहून कॉलेजपर्यंत यायला लागले. फाटकावरच्या गार्डने आत सोडलं नाही, तर बाहेर कडुनिंबाखाली बसून राहिले. दर तासाला मी बाहेर जाऊन बर्फ घेऊन यायचे. दुपारी ते तिथेच आपला मऊ भाताचा डबा उघडायचे. गार्डलाही त्यांनी आतड्याची कथा सांगितली असणार, कारण चौथ्या दिवशी गार्ड मला म्हणाला, "मैडम, अंकल को अंदर बैठा लीजिए, उनका पेट कच्चा है."

अकरा दिवस लागले. सगळे काप नवे, सगळ्या नळ्या लांब. मग मोजलं. पाचव्या दिवशीच्या पिलांमध्ये फरक होता, खरा होता, पण पहिल्यासारखा अचाट नव्हता. आणि दोन आठवड्यांनंतरच्या पिलांमध्ये बोटं पुन्हा वाढली होती. पुरती नाही, पण बरीचशी. लवकर तोडल्याचा धक्का बसला होता, आणि आतडं त्यातून उठत होतं. पहिल्या तिरप्या कापांमध्ये हे उठणं दिसलंच नव्हतं.

लॅबमध्ये मला आनंद झाला. घरी येताना स्कूटी मुद्दाम हळू चालवली. हे काकांना कसं सांगायचं?

काका आणि काकू जेवायला बसत होते. काकूंच्या ताटात झुणका, भाकरी आणि ठेचा. काकांच्या ताटात नेहमीचं. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

"म्हंजे सुधरते?" काका म्हणाले.

"बरंचसं. पिलांचं म्हणते मी काका. माणसाचं मले नाही माहीत. तुमी डॉक्टरले दाखवा."

"डॉक्टरनं तं मागंच सांगतलं होतं यायले," काकू म्हणाल्या. "काई नाई तुमाले म्हणून. ऐकतेत कोणाचं!"

काका हातातल्या घासाकडे बघत राहिले. मला वाटलं, मी त्यांची आई दुसऱ्यांदा हिरावून घेतली. आयुष्यभर त्यांनी त्या बाईला पोटात सांभाळलं होतं. दुसरी काही आठवण नव्हतीच त्यांच्याकडे, चार महिन्यांच्या मुलाला काय आठवणार? एक दुखरं पोट तेवढं होतं. मग ते हळूच म्हणाले, "दोन आठवड्यात उठले पिलं?"

"हो."

"अन् मी सत्तर वर्सं पडूनच." ते हसायला लागले. इतके हसले की ठसका लागला. आणि मग काकूंच्या ताटातला भाकरीचा तुकडा मोडून, झुणक्यात बुडवून, त्यांनी तोंडात टाकला. ठेच्यालाही बोट लावलं. काकू "अजी, अजी" करत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं. काकू माझ्यावर चिडल्या. पण काकांनी पलंगावरून जाहीर केलं की एकदा पाहून काही ठरत नसतं, आणि आठवड्याने पुन्हा झुणका मागितला. त्या वेळी थोडी जळजळ झाली. तिसऱ्या वेळी काहीच झालं नाही. त्यानंतर काका सगळ्यांसारखं जेवायला लागले. ठेचा बेतानेच, पण वांग्याची भाजी, वडाभात, सगळं.

एक दिवस काकू ओट्यापाशी उभ्या होत्या. एकच कुकर लावलेला. मला म्हणाल्या, "बेचाळीस वर्सं दोन सैपाक केले म्या. आज हात रिकामा राहून राहिला, तं काय करावं समजत नाई." आणि पदराने डोळे पुसून त्यांनी मला जवळ ओढलं. डुकराचं नाव ऐकून चेहरा पाडणारी हीच बाई.

काका जाऊन आता तीन वर्षं झाली. मी सरकारी दवाखान्यात आहे. खुर्सीपारकडून, भिलाई-३ कडून लोक बकऱ्या आणि डुकराची पिलं घेऊन येतात. पिलू आईपासून तोडलं, आता खात नाही, वाळत चाललंय, म्हणून रडकुंडीला येतात. मी त्यांना सांगते की घाई केलीत, पुढच्या खेपेला करू नका, पण हे मेलं असं समजू नका. थोडं थोडं, मऊ, वारंवार द्या. दोन आठवडे सांभाळा. बहुतेक उठतं. हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण ते मी सरळ कापून पाहिलं आहे. तो पहिला सुरेख निकाल मी तसाच छापला असता तर आज मी त्या लोकांना काय सांगितलं असतं, याचा विचार करवत नाही. काकांनी मला पोटाबद्दल काही शिकवलं नाही, त्यांना त्यातलं काही येतच नव्हतं. पण जो निकाल त्यांना स्वतःला खरा व्हायला हवा होता, तोच त्यांनी मला मोडायला लावला. हे ऋण मी कोणत्या शब्दांत सांगू?

त्या वर्षी प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. मी भेंडीपासून पितळी टेकणांपर्यंत सगळी उत्तरं तयार करून गेले होते. त्यांनी संदर्भसूची विचारली, पिलांना काय खायला दिलं ते विचारलं, चहा घेतला आणि अभिनंदन केलं. संध्याकाळी घरी आले तर काका फाटकातच.

"इचारलं? कसं कापलं ते?"

"नाही काका. कोणीच नाही."

मला रडू येत होतं. काका अजिबात चकित झाले नाहीत. "मले बी नाई इचारलं कोणी," ते म्हणाले. "पस्तीस वर्सं." आणि काकूंना हाक मारून पेढे आणायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी सामान घेऊन गोंदियाला निघाले. काका दुर्ग स्टेशनवर सोडायला आले. बॅग वर टाकली, पाण्याची बाटली दिली, काकूंनी बांधून दिलेलं वांगं-भाकरीचं पुडकं दिलं. मी खिडकीशी बसले आणि हात बाहेर काढला. गाडी हलली. काका फलाटाच्या कडेला उभे होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. किंचित वाकून, कान पुढे करून, ते चाकांखालच्या रुळाकडे बघत होते.